शून्यावर न थांबणारी मोटर : एका जुन्या पिनबॉल मशीनची घरी केलेली दुरुस्ती

स्टार्टचं बटण दाबलं की मशीन जागं व्हायचं, पण खेळ सुरू व्हायचा नाही. खालच्या पेटीत मोटर घरघरायची, वरच्या पेटीत आकड्यांची चाकं टकटक करत फिरायची, मग टकटक थांबून चारही चाकांवर शून्य दिसायचं आणि मोटरची घरघर मात्र चालूच राहायची. चेंडू बाहेर येत नव्हता, त्याला परत वर मारणारे फ्लिपर हलत नव्हते. प्लग काढला तरच शांतता.

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर चेंडू उडवून गुण मिळवायचा खेळ. हे मशीन काकांचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यातलं, एका खेळाडूचं, पूर्ण इलेक्ट्रोमेकॅनिकल. म्हणजे आत एकही चिप नाही. गुण मोजणं, कितवा चेंडू चालू आहे ते लक्षात ठेवणं, मशीन हलवलं तर खेळ बंद करणं, ही सगळी कामं रिले (विजेने उघडबंद होणारे स्विच), कॉइल (वीज मिळताच लोखंडी दांडा आत ओढणारी तारेची गुंडाळी), दातेरी चाकं आणि शेकडो पातीचे स्विच करतात. १९७७ च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी मायक्रोप्रोसेसरची वाट धरली आणि दशक संपेपर्यंत ही जुनी जात बनायची जवळजवळ थांबली. त्यामुळे काकांचं मशीन त्या जातीच्या शेवटच्या आणि सगळ्यात गुंतागुंतीच्या पिढीतलं आहे. बंद पडलं तेव्हा काकांनी त्यावर चादर टाकली, त्याला वीसेक वर्षं झाली. कारखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. त्या काळातली सगळी यंत्रं थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर चालतात. रिलेंची नावं, व्होल्टेज आणि मोटरची रचना तेवढी बदलते.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण शेवटी सापडलेल्या बिघाडांपैकी वयामुळे झालेले थोडे होते. बाकीचे पूर्वी कुणीतरी घाईघाईत केलेल्या दुरुस्तीतून आलेले होते. आणि त्यातला एक मीही जवळजवळ पुन्हा केला असता.

वीज लावण्याआधीचे दोन दिवस

पहिले दोन दिवस मी मशीनला वीज लावलीच नाही. मूळ वायर दोन पिनांची होती, अर्थिंग नव्हतं, आणि पेटीत शिरते तिथे तिचं आवरण कडक होऊन तडकलेलं होतं. ती काढून तीन तारांची जाड वायर घातली आणि अर्थची तार ट्रान्सफॉर्मरच्या सांगाड्याला, नाण्याच्या दाराला आणि बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना जोडली. खेळणाऱ्याचा हात ज्या धातूला लागतो तो प्रत्येक भाग अर्थ झालाच पाहिजे. आतली बहुतेक यंत्रणा २४ व्होल्टच्या आसपास चालते आणि तिची फारशी भीती नाही. पण ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला घरातली पूर्ण वीज असते. शिवाय अशा काही यंत्रांत बटणाने खेळ बंद केला तरी ट्रान्सफॉर्मर चालूच राहतो. म्हणून आत हात घालायचा तर आधी प्लग काढायचा, हा नियम मी एकदाही मोडला नाही. ट्रान्सफॉर्मरवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं होतं. घरचा पुरवठा २३० व्होल्टचा असेल तर मध्ये पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. ५० हर्ट्झवर मूळ ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक चाचणीनंतर मी त्याला हात लावून बघत होते, अर्थात प्लग काढून.

मग फ्युज पाहिले. कॉइलच्या फ्युजशेजारी चिकटवलेल्या कागदावर १० अँपिअर असं लिहिलेलं होतं आणि बसवलेला फ्युज होता २० चा. दिव्यांच्या फ्युजला चांदीचा कागद गुंडाळलेला होता. हे पाहिल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं: फ्युज उडत होता, कुणीतरी कारण न शोधता त्याचं तोंड बंद केलं. म्हणजे एखादी कॉइल कुठेतरी जास्त वीज ओढत होती आणि ती अजून आत आहे. दोन्ही फ्युज योग्य मापाचे बसवले. फ्युज धरणाऱ्या पितळी चिमट्यांपैकी एकाची पकड गेलेली होती, तो पूर्ण बदलला. सैल चिमटा तापतो आणि मग चांगला फ्युजही विनाकारण जातो.

खालच्या पेटीच्या तळाशी जे पडलेलं होतं ते एका डबीत जमा केलं: तुटक्या रबराचे तुकडे, दोन जळके दिवे, तीन स्क्रू, एक नाणं आणि करंगळीच्या नखाएवढी एक ताणाची स्प्रिंग. यातलं काहीही फेकायचं नसतं. हे या यंत्रातून गळलेलं आहे, म्हणजे याची जागा कुठेतरी रिकामी आहे, किंवा चुकीच्या वस्तूने भरलेली आहे.

वरची पेटी आणि खालची पेटी जोडणारे बहुपिनी प्लग काढून, पिना पुसून, पुन्हा घट्ट बसवले. प्रत्येक गोष्ट सोडवण्याआधी फोनवर फोटो काढला. त्यातला एक फोटो पुढे फार कामी आला.

मोटर का थांबत नाही

योग्य फ्युज, नवी वायर, आणि पहिल्यांदा वीज. धूर नाही, वास नाही, दिवे लागले. स्टार्ट दाबलं आणि तीच घरघर.

ही मोटर म्हणजे यंत्राचं घड्याळ आहे. तिच्या दांड्यावर खाचांच्या चकत्या बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक चकती आपापल्या स्विचच्या पात्या ठराविक क्रमाने उचलते. चेंडू पन्नास गुणांच्या जागी आपटला की ही मोटर एक आवर्तन करून दहा गुणांच्या चाकाला पाच ठोके देते. नवा खेळ सुरू करताना हेच ठोके आकड्यांची चाकं शून्यावर आणायला वापरले जातात. आता हिशेब सोपा आहे. चाकावर दहा आकडे. ज्याला सर्वांत लांबचा प्रवास आहे ते चाक एकावर उभं असतं आणि त्याला शून्यापर्यंत नऊ पावलं टाकायची असतात. एका आवर्तनात पाच ठोके मिळतात, म्हणजे दोन आवर्तनांत कुठलंही चाक घरी पोहोचायला हवं. काकांना मी विचारलं, "काका, पूर्वी सुरू होताना किती वेळ घरघर व्हायची?" ते म्हणाले, "दोनदा. घर्र, घर्र, आणि मग चेंडू ठक्‌ करून यायचा." त्यांच्या कानांना जे आठवत होतं ते नकाशाशी जुळत होतं.

नकाशा, म्हणजे विजेच्या जोडणीचा आराखडा, मशीनच्या आतच घडी करून ठेवलेला सापडला. कडा फाटलेल्या, पण वाचता येण्याजोगा. या आराखड्यांची एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: प्रत्येक स्विच उघडा किंवा बंद दाखवलेला असतो तो यंत्र एका ठराविक स्थितीत असताना. ती स्थिती बहुतेक वेळा कोपऱ्यात लिहिलेली असते. ती वाचली नाही तर सगळा नकाशा उलटा वाटतो.

या यंत्रात प्रत्येक चाकाला शून्याच्या जागी उघडणारे दोन स्विच आहेत. पहिला त्या चाकाच्या कॉइलकडे ठोके पाठवतो. चाक शून्यावर आलं की तो उघडतो आणि ठोके बंद होतात. दुसरा स्विच रिसेट रिलेला, म्हणजे चाकं शून्यावर आणायचं काम चालू ठेवणाऱ्या रिलेला, धरून ठेवतो. चारही चाकांचे हे दुसरे स्विच समांतर जोडलेले आहेत, म्हणजे त्यातला एक जरी बंद राहिला तरी रिसेट रिले सुटत नाही, आणि तो सुटत नाही तोवर मोटर फिरतच राहते. आमच्या लक्षणात टकटक थांबत होती आणि चाकं शून्य दाखवत होती. म्हणजे ठोक्यांचं काम पूर्ण झालं होतं. चारपैकी कुठल्यातरी एका चाकाचा "मी पोहोचलो" हा निरोप पोहोचत नव्हता.

शेकडो स्विचांमधून संशयित आले चारवर, तेही एकाही स्क्रूला हात न लावता. नकाशासमोर घालवलेला तासभर असा वसूल होतो. असं यंत्र उघडलं की समोर वाकड्यातिकड्या दिसणाऱ्या पात्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक पाती जरा सरळ करावी असा हाताला मोह होतो. त्या मोहाला बळी पडलं की एका बिघाडाचे सहा होतात, आणि ते सहा कुठे आहेत हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

चारांतला एक ओळखायला कागदाची चिठ्ठी पुरते. प्लग काढायचा, पहिल्या चाकाच्या दुसऱ्या स्विचच्या दोन टोकांमध्ये जाडसर कागदाची पट्टी सरकवायची, प्लग लावायचा, स्टार्ट दाबायचं. कागद म्हणजे उघडा स्विच. दहाच्या चाकाला कागद लावला, मोटर चालूच. शंभरच्या, चालूच. हजाराच्या चाकाला कागद लावला आणि दोन आवर्तनांनंतर मोटर थांबली. ठक्‌ आवाज झाला आणि चेंडू उडवायच्या दांड्यासमोर येऊन उभा राहिला. काका दुसऱ्या खोलीतून धावत आले.

पहिली दुरुस्ती, जी अपुरी होती

हजाराच्या चाकाचा तो स्विच जवळून पाहिला तर पात्या सरळ होत्या, टोकं स्वच्छ होती. सैल होते ते पात्यांचा गठ्ठा आवळणारे दोन स्क्रू. पात्यांच्या मधले रोधक तुकडे वर्षानुवर्षं सुकत जातात, बारीक होतात, आणि गठ्ठा ढिला पडतो. मग पात्या स्वतः न वाकताही जागेवरून सरकतात. म्हणून स्विचची पाती वाकवण्याआधी गठ्ठ्याचे स्क्रू आवळून बघायचे, हा क्रम पाळावा. मी आवळले, कागद काढला, आणि मशीन नीट सुरू झालं. वीस वेळा स्टार्ट दाबलं, वीसही वेळा दोन आवर्तनांत थांबलं.

त्या संध्याकाळी वहीत मी "झालं" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सातव्या खेळाला मोटर पुन्हा थांबेना.

इथे माझ्या हातात पात्या वाकवायची पक्कड आली होती. दुसऱ्या स्विचची पाती केसभर बाहेर वाकवली असती तर तो थोडा आधी उघडला असता आणि घरघर बहुधा कायमची बंद झाली असती. पक्कड लावायच्या आधी स्विचचं मूळ अंतर नोंदवावं म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो उघडले. चाकांचा समोरून काढलेला फोटो मोठा केला, तेव्हा दिसलं की तीन शून्यं एका ओळीत होती आणि हजाराचं शून्य दोनेक मिलिमीटर वर. पहिल्या दिवशी "चारही चाकांवर शून्य" असं मी लिहिलं होतं. हजाराचं चाक शून्य दाखवत होतं हे खरं, पण ते शून्यावर पोहोचलेलं नव्हतं.

मग कॉइलचं झाकण बाजूला करून हाताने एकेक पाऊल टाकून पाहिलं. या चाकाची चाल अशी आहे: कॉइल प्लंजर, म्हणजे तिच्यातला लोखंडी दांडा, आत ओढते तेव्हा खिटी मागे जाऊन पुढचा दाता पकडते, आणि कॉइल सुटली की एक स्प्रिंग खिटीला परत खेचून चाक एक घर पुढे नेते. चाक पुढे जातं ते स्प्रिंगच्या जोरावर, कॉइलच्या नाही. हजाराच्या चाकावरची स्प्रिंग शेजारच्या तिघींपेक्षा लांब, पातळ आणि ताणून सैल झालेली होती. ती या यंत्राची नव्हतीच. या यंत्राची स्प्रिंग माझ्या डबीत होती, वरच्या पेटीतून तारांच्या भोकावाटे खाली पडलेली.

आता सगळी साखळी लागली. कधीतरी मूळ स्प्रिंग निसटली. कुणीतरी मिळेल ती दुसरी लावली. ती कमजोर असल्यामुळे चाकाचं पाऊल पूर्ण पडेना, शून्याच्या अलीकडे अडखळू लागलं आणि ठोक्यांचा पहिला स्विच उघडेना, म्हणून चाक शून्य ओलांडून फिरत राहू लागलं असणार. तेव्हा त्या व्यक्तीने पहिल्या स्विचची पाती बाहेर वाकवून तो लवकर उघडेल असं केलं. पाती वाकवल्याची खूण स्पष्ट दिसत होती, पक्कडीचे दात उमटलेले होते. टकटक थांबली. दुसरा स्विच मात्र खऱ्या शून्याचीच वाट बघत राहिला. तो या सगळ्यात बरोबर वागत होता, आणि मी त्यालाच वाकवायला निघाले होते.

मूळ स्प्रिंग लावली. चाक ठण्‌ करून जागेवर बसलं, शून्य ओळीत आलं. पहिल्या स्विचची पाती शेजारच्या चाकाशी ताडून पूर्ववत केली, उघडल्यावर दीडेक मिलिमीटर अंतर राहील अशी. त्यानंतर ही मोटर एकदाही अडकलेली नाही.

जळका वास कुठून आला

खेळ सुरू व्हायला लागल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला. चेंडू दहा गुणांच्या रबरावर आपटला, घंटा एकदाच वाजली, मग एक खालच्या सुरातली गुणगुण सुरू झाली आणि तीन-चार सेकंदांत जळक्या लाखेसारखा वास. मी प्लगकडे हात नेईपर्यंत फ्युज उडाला. मला हायसं वाटलं. जुना २० चा फ्युज असता तर तो तसाच टिकला असता आणि कॉइल पेटली असती.

गुणांचा रिले कसा सुटतो हे समजल्याशिवाय हा बिघाड उलगडत नाही. रबरामागचा स्विच क्षणभरच बंद होतो, कधीकधी इतका थोडा वेळ की चाकाची कॉइल पूर्ण ओढलीही जात नाही. म्हणून दहा गुणांचा रिले एकदा ओढला गेला की स्वतःला धरून ठेवतो. चाकाचा प्लंजर पूर्ण आत पोहोचला की त्याच्या टोकाशी असलेला स्विच उघडतो आणि तो रिलेला सोडतो. काम झाल्याची पावती मिळेपर्यंत हुकूम मागे घ्यायचा नाही, अशी ही व्यवस्था. किती साध्या वस्तूंतून किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही! पण प्लंजर पूर्ण आत गेलाच नाही तर पावती येत नाही, रिले धरलेलाच राहतो, आणि त्याच्याबरोबर चाकाची कॉइल व घंटेची कॉइल दोन्ही वीज ओढत राहतात. या कॉइल क्षणभर चालण्यासाठी बनवलेल्या असतात. काही सेकंद सलग वीज मिळाली की त्यांच्या तारेवरचं आवरण जळू लागतं.

दहाच्या चाकाचा प्लंजर हाताने ढकलला तर तो मधात बुडवल्यासारखा सरकत होता. कॉइलच्या आतल्या नळीत काळा चिकटा भरलेला होता. कुणीतरी तेल सोडलं होतं, त्यात धूळ मिसळली, आणि वीस वर्षांत त्याचा डिंक झाला. कॉइलची नळी आणि प्लंजर कोरडेच चालायचे असतात. तिथे कुठलंच तेल, कुठलाच स्प्रे नको. चारही चाकांचे प्लंजर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पितळी नळ्यांच्या जागी नव्या नायलॉनच्या घातल्या. जिथे खरंच वंगण हवं, म्हणजे चेंडू मोजणाऱ्या टप्प्याच्या चकतीवर, जिथे सरकते हात पितळी ठिपक्यांवरून फिरतात, तिथे आधीचं घट्ट झालेलं ग्रीस पूर्ण काढून नवा अगदी पातळ थर दिला.

घंटेची कॉइल वाचली नव्हती. तपासताना एका टोकाचा सोल्डरचा डाग सोडवून मग मल्टीमीटर लावला, कारण जागेवर जोडलेली असताना समांतर वाटांमुळे आकडा फसवा येतो. शेजारच्या दोन घंटांच्या कॉइल एकमेकींशी जुळत होत्या, हिचा रोध त्यांच्या निम्म्याहूनही कमी. आतले वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले होते. वीस वर्षांपूर्वी फ्युज उडवणारी हीच असणार. त्याच क्रमांकाची नवी कॉइल बसवली. कॉइलच्या कागदी वेष्टणावर क्रमांक छापलेला असतो. व्होल्टेज जुळतं म्हणून दुसरीच लावू नये, वेढे आणि तारेची जाडी वेगळी असते.

डावा फ्लिपर

उजव्या फ्लिपरने मारलेला चेंडू वरच्या टोकापर्यंत जायचा, डाव्याने मारलेला मध्यावरून परत यायचा. चेंडू २७ मिलिमीटरचा, वजन साधारण ८० ग्रॅम. त्याला वर पाठवायला जोर लागतो आणि तो जोर सततचा देता येत नाही. म्हणून फ्लिपरच्या कॉइलला दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, दोन-तीन ओहमचा, फटका मारणारा. दुसरा बारीक तारेचा, कितीतरी जास्त रोधाचा, बटण दाबून ठेवलं तर फ्लिपर नुसता वर धरणारा. फ्लिपर वर पोहोचला की टोकाचा एक स्विच उघडतो आणि बारीक वेढा वाटेत येतो. हा स्विच घाण असेल तर फटक्याच्या वेळीच वीज अडखळते.

दोन्ही कॉइलचे रोध सारखे आले. मग टोकाच्या स्विचवर क्षणभर क्लिपची तार टाकून त्याला वळसा घातला आणि बटण एकदाच दाबलं. डावा फ्लिपर उजव्यासारखा उसळला. दोष त्या स्विचचाच. ही चाचणी क्षणभरच करायची, कारण वळसा राहिला तर जाड वेढा जळेल. या स्विचची टोकं टंगस्टनची असतात, कडक. त्यांना बारीक कानस लागते. बाकी रिलेंची टोकं चांदीची, मऊ, त्यांच्यामधून साधा जाड कागद ओढला तरी बहुतेक वेळा पुरतं. पॉलिशपेपर कुठेच वापरू नये. त्याचे कण चांदीत रुतून बसतात. टंगस्टनची टोकं इतकी खड्डे पडलेली होती की घासून उपयोग नव्हता, स्विचच नवा लावला. वर पोहोचल्यावर दोन-तीन मिलिमीटर उघडेल असा बसवला. प्लंजरचं टोक ठोके खाऊन छत्रीसारखं पसरलं होतं, तेही बदललं. आणि एका बाजूला नवं, दुसरीकडे जुनं असं ठेवलं तर खेळ लंगडा वाटतो, म्हणून उजव्या बाजूलाही तीच सगळी कामं केली.

१९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या हम्प्टी डम्प्टी या यंत्रावर हॅरी मॅब्ज यांनी पहिल्यांदा फ्लिपर बसवले, सहा, आणि तोंडं बाहेरच्या बाजूला. त्याआधी चेंडू सोडला की खेळणाऱ्याने मशीनला ढुशा देणं एवढंच उरायचं. डावा फ्लिपर मलूल असताना मी जे खेळत होते ते त्या जुन्या खेळाच्या फार जवळ होतं.

लाकूड, काच आणि रबर

खेळाच्या फळीबद्दल थोडक्यात. सगळी रबरं बदलली. कडक झालेलं रबर चेंडू परत फेकत नाही आणि त्याच्या मागचा स्विचही बंद होत नाही, म्हणून स्विचची अंतरं नवी रबरं बसवल्यावरच तपासायची. फळी नॅप्थाने पुसली, खिडक्या उघड्या ठेवून, प्लग काढून. घासून पांढरा करणारा स्पंज काहीजण वापरतात. तो मळाबरोबर वरचं लॅकर आणि त्याखालची शाईही काढतो, म्हणून मी तो लावला नाही. मध्यभागी चेंडूच्या चक्रांनी लाकूड उघडं पडलं आहे. तिथे रंग भरावा असं काकांचं म्हणणं होतं. मी फक्त उघड्या लाकडात पुढे मळ शिरू नये एवढंच पाहिलं आणि वर कार्नोबाचं मेण दिलं. ती झीज या मशीनवर खरोखर खेळलं गेल्याची आहे. चेंडू मात्र नवा घातला. गंजाचे खड्डे असलेला चेंडू कानशीसारखा फळी खातो.

वरच्या चित्राच्या काचेने मला सर्वांत जास्त काळजी लावली. चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, आणि दिव्यांच्या उष्णतेने, थंडी-उन्हाच्या ताणाने रंग पापुद्र्यांसारखा सुटतो. आमच्या काचेचा खालचा कोपरा सुटायला लागला आहे. मागची बाजू मी पुसलीही नाही. पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारून पापुद्रे धरून ठेवतात, पण तो एकदा मारला की परत काढता येत नाही. एका खराब झालेल्या काचेच्या तुकड्यावर करून बघितल्याशिवाय मी तो मारणार नाही. तोवर उष्णता कमी करणं हातात होतं. ४४ क्रमांकाचे दिवे प्रत्येकी ०.२५ अँपिअर घेतात, त्याच पायाचे ४७ क्रमांकाचे ०.१५. चाळीस दिवे बदलले की ट्रान्सफॉर्मरवरचा भार ४ अँपिअरने उतरतो आणि काचेमागची पेटी हाताला जाणवेल इतकी थंड राहते. उजेड किंचित मंद आणि पिवळसर होतो, तो मला आवडला.

शेवटी पाय वरखाली करून मशीन आडवं समपातळीत आणलं आणि मागून उचलून उतार सुमारे साडेतीन अंश ठेवला. आजच्या यंत्रांचा साडेसहा अंशांचा उतार इथे लावला तर चेंडू वेडावाकडा पळतो आणि जुन्या फ्लिपरांना तो वर चढवता येत नाही. टिल्टचा लोलक, म्हणजे मशीन हलवलं तर खेळ बंद करणारा, उतार ठरल्यावरच जुळवायचा, आधी जुळवला तर पुन्हा करावा लागतो.

त्यानंतरच्या महिन्यात वहीत ११२ खेळांची नोंद आहे. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला किती आवर्तनं झाली ते मी लिहिते. दोनपेक्षा जास्त एकदाही नाही. ६३ व्या खेळाला पाचवा चेंडू संपल्यावर मशीनने आणखी एक चेंडू दिला. ते पुन्हा झालेलं नाही, पण चेंडू मोजणाऱ्या टप्प्याची परतीची स्प्रिंग नकाशावर पेन्सिलीने गोल करून ठेवली आहे. तिला अजून हात लावलेला नाही. आधी ते पुन्हा घडताना पाहायचं आहे.